तळघरातली डावी बाजू

३ फेब्रुवारी, सोमवार

तळघराची चावी मिळाली. दोन वर्षं बिल्डरचा माणूस "उद्या" म्हणत होता. आज बाबा स्वतः त्याच्या ऑफिसात गेले आणि खुर्चीवर पेपर वाचत बसले. तासाभरात चावी आली.

एकटीच उतरले. चौदा पायऱ्या. परत मोजल्या, चौदाच. बाबांच्या गुडघ्यांना जड जाणार.

खाली दगड झालेली सिमेंटची सात पोती, सेंट्रिंगच्या फळ्या, कोणाचा तरी फुटका कमोड. तीन भिंती बऱ्या. चौथीला कमरेपर्यंत पांढरा लोणा फुटलेला, बोट लावलं की पीठ गळतं. वर दोन झरोके. त्यातून रस्त्यावरचे पाय दिसतात. उजेड तेवढाच.

जुनं घर पाडून ही बिल्डिंग झाली तेव्हा फ्लॅटसोबत समोरचं दुकान मिळत होतं. बाबांनी दुकान नको, तळघर द्या म्हटलं. सगळी नंदनवन वस्ती हसली. बाबांचं एकच: "माग जमिनीतच बरा."

तर माग इथे लागणार. झरोक्यांकडे तोंड करून. उजवीकडे मी. डावीकडे ताई.

ताईला अजून विचारलेलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

देवाजी मिस्त्री आले. बाबांच्या ओळखीचे, आमच्या जुन्या घराची न्हाणी त्यांनीच बांधली होती. त्यांना म्हटलं, मागासाठी खड्डा हवा, पाय सोडून बसायला. त्यांनी टाच आपटून पाहिली.

"बाई, हे राफ्ट हाये, बिल्डिंगचा पाया. हे फोडलं त पुरी बिल्डिंग तुमच्या मांडीवर येईन बसाले."

रात्रंदिवस तळघर तळघर केलं आणि खड्ड्याचा विचारच नाही. त्यांनी बिडी काढली, माझ्याकडे पाहून परत ठेवली, मग म्हणाले की खाली जाता येत नसेल तर वर येऊ. दोन फूट उंच ओटा बांधायचा, मधे जागा सोडायची. बसणाऱ्याला तो खड्डाच.

"एकाचा का दोघांचा?"

"दोघींचा."

"दुसरं कोन?"

"ताई."

"ते त हिंगण्याले हाये न कंपनीत?"

मी हो म्हटलं. त्यांनी टेप लावून दोघींच्या रुंदीचं माप घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

भिवापूरला जाऊन आले. मामाच्या माळ्यावर आमचा माग दोन वर्षं पडून होता, मिरचीच्या पोत्यांमागे. लाकूड ठीक. फणी ठीक. गाठोडं सोडलं आणि मी, मामा, मामी, टेम्पोवाला, सगळे शिंकायला लागलो. मामा शिंकत शिंकत म्हणे, "तुमची साडी नेसन त्याले भाजीत तिखट नाही लागणार टाकाले."

दोन ताणे ठेवले होते. बाबांनी हात थरथरायला लागायच्या आधी लावलेले, दोन साड्यांचे उभे दोरे. मिरचीजवळचा वाचला. दुसरा कौल गळत होतं त्या कोपऱ्यात होता. काळी बुरशी. हातात घेतला तर भिजलेल्या कागदासारखा आला.

आता एकच ताणा. बाबा तसा दुसरा लावू शकणार नाहीत.

तळघरात एक थेंब ओल राहू देणार नाही. एक थेंब नाही.

आडवा दोरा नेणारे धोटे तीनही मिळाले. डाव्याच्या पाठीवर ताईच्या अंगठ्याचा खळगा अजून आहे. माझा अंगठा त्यात बसत नाही, सैल राहतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दे. मि.नी पोती काढली. कमोड कोणी नेईना, शेवटी त्यांनीच सायकलवर बांधून नेला. म्हणाले कुंडी करतो.

आज काम नव्हतं म्हणून बसून राहिले आणि ताईची आठवण काढत राहिले. काढली असं नाही, आली.

मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. दमा होता. ताईने मला मागाजवळच शिकवलं. खड्ड्याच्या काठावर खडूने अक्षर काढायची, मी गिरवायची, धोटा फेकता फेकता ती पायाने पुसायची आणि पुढचं काढायची. आकडे दोऱ्यांवर. वीस दोरे इकडे, वीस तिकडे. स्वतः सातवीतून शाळा सोडली होती तिने. तीन धोट्यांच्या साडीला दोन माणसं लागतात. मधला आणि उजवा धोटा उजवीकडे बसणाऱ्याचा, डाव्या काठाचा दुसऱ्याचा. आधी बाबा आणि ताई बसायचे. मग मी आणि ताई. तिची जागा बदलली नाही.

आजही कोणी रस्ता सांगताना "डावीकडे" म्हटलं की मला आधी ताई कुठे बसायची ते आठवावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी ते झालं. विणकरांच्या सन्मानासाठी आमची साडी पाठवली होती. फॉर्मवर नावाला एकच रकाना होता. मी माझं लिहिलं. साडी निवडली गेली, माझा एकटीचा फोटो पेपरात आला. ताई म्हणाली, "छान आला फोटो." महिन्याभरात तिने भाऊजींच्या ओळखीने हिंगण्याला कंपनीत नोकरी धरली. तोवर लग्न होऊनही जवळच राहून ती रोज मागावर यायची, त्यानंतर एकदाही बसली नाही. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर

जाऊ दे. रकाना एकच होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लोणा फुटलेली भिंत खरवडून वॉटरप्रूफिंगचा पहिला हात. ओल मोजायचं छोटं घड्याळ आणलं, खिळ्याला टांगलं. आज ६४. सकाळ-संध्याकाळ लिहायचं ठरवलं.

२ मार्च, रविवार

४७. भिंतींना दुसरा हात, जमिनीला चकचकीत कोट. आरसाच झालाय. दे. मि. म्हणाले, "याच्यावर पाय घसरला त आपलंच तोंड पाहून पडान."

दुपारी ताईचा आईला फोन. मी भांडी घासत होते, नळ बंद केला. आई: "हो का. हो का. बरं झालं वं." नंतर कळलं, साहेब तिला लाइनची सुपरवायझर करायचं म्हणतात. एक मेपर्यंत उत्तर द्यायचंय. मग शिफ्टची बस नाही, स्वतःची खुर्ची.

चांगलीच बातमी आहे. मी आईला म्हटलंही, चांगली आहे. मग नळ सोडला.

माझ्याबद्दल काही विचारलं का, हे आईला विचारायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी आई आपणहून म्हणाली, "तुझा दमा कसा हाये म्हणे." म्हणजे विचारलं. की आईने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं?

९ मार्च, रविवार

३३. चारही कोपऱ्यांत कळीच्या चुन्याचे खडे घमेल्यात ठेवले, ओल शोषतात म्हणून. पंखा सतत चालू. आई खाली आली, दोन मिनिटं उभी राहिली, "ओठ फुटतात वं इथं," म्हणून वर गेली.

मला मात्र घड्याळाकडे पाहून फार बरं वाटतं. कितीतरी दिवसांनी एक गोष्ट मी नीट केली.

१८ मार्च, मंगळवार

ओटा झाला. काठ दे. मि.नी गोल घासून दिलाय, मांडीला टोचू नये म्हणून. मी न सांगता.

ते गेल्यावर उजवीकडे बसून पाहिलं. पाय सोडले. मग डावीकडे सरकले. तिथून मागच वेगळा दिसेल, उजेड तिरपा येतो, दारातून येणारा माणूस आधी दिसतो. जुन्या घरातही दार याच बाजूला होतं, इतकी वर्षं मला हे माहीत नव्हतं. म्हणूनच कोणी आलं की ताई आधी हाक मारायची.

काठावर खडूने अ काढला. पुसला. पुसल्यावरही दिसतो. नव्या सिमेंटमुळे.

२४ मार्च, सोमवार

बाबांना खाली आणलं. दे. मि. पुढे, मी मागे. सातव्या पायरीवर बाबा थांबले, म्हणाले, "वरात काढली माझी." खाली आल्यावर त्यांनी काठावर हात फिरवला, वर पाहिलं, झरोक्यातून जाणारे कोणाचे तरी चपलांतले पाय पाहिले. "बरं हाये," म्हणाले. बाबांच्या तोंडून हे म्हणजे खूप.

माग उभा केला. ते बोट दाखवत, आम्ही बांधत. एकदा त्यांनी दोरी स्वतः ओढायला घेतली, हात थरथरला, त्यांनी ती देवाजींकडे दिली आणि खिशात रुमाल शोधत राहिले. मी वर पाहत राहिले.

आता चार दिवस दोरे जोडण्यात जाणार. शेकडो गाठी. मिरचीचा वास अजून येतो.

घड्याळ २२.

३० मार्च, रविवार. पाडवा

मागाची पूजा. आईने मागाला साखरेची गाठी बांधली. ताईला परवा मेसेज केला होता: रविवारी सकाळी माग लावतोय, ये. तीनदा लिहून खोडला, शेवटी एवढाच पाठवला. सकाळी तिच्याकडून गुढीचं चित्र आलं, खाली शुभेच्छा. सगळ्यांना पाठवतात तसलं. मी तरी ते मोठं करून पाहिलं.

साडीची सुरुवातीची पट्टी विनाकाठाची असते, ती एकटीला जमते. बसले. पायाखालची पावडी दाबली, धोटा टाकला, फणी ओढली. काँक्रीटमध्ये तो ठोका असा घुमला की वर तळमजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन, "काय ठोकून राहिले वं सणासुदीचं?" माग म्हटल्यावर म्हणाल्या, "अच्छा, मले वाटलं भांडण."

अकराव्या ठोक्याला पहिला दोरा तुटला. शकुन नको मानायला. जोडला.

सव्विसाव्याला दोन.

३ एप्रिल, गुरुवार

आज सकाळच्या एका तासात एकतीस तुटले. मोजले. एक जोडते तोवर शेजारचा जातो. टिच् असा बारीक आवाज येतो, आता झोपेतही ऐकू येतो.

ताणा जुना झाला? मिरचीने खाल्ला? माझी फणी जड पडते? सुताला खळ कमी बसली? सगळं तपासलं. घड्याळ १९, म्हणजे ओलीचा प्रश्नच नाही.

बाबा वरून विचारतात, "चाललं का?" मी "चाललं" म्हणते. हे खोटं आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

८ एप्रिल, मंगळवार

बाबांना सांगितलं. चारच बोटं विणून झाली आहेत आणि निम्म्या गाठी. त्यांनी तुटलेला दोरा मागितला, ओठांत धरला, जिभेवर फिरवला. "सूत चांगलं हाये," म्हणाले. मग दोरा परत दिला.

"आपल्या जुन्या खड्ड्यात असं कधी नाही झालं. तो थंड राहे."

"का थंड राहायचा?"

"आपोआप. मी सातले बसो तवा थंडच राहे."

बाबा इतकी वर्षं ज्या खड्ड्यात पाय सोडून बसले तो थंड का होता, हे त्यांना ठाऊक नाही. मला कुठे ठाऊक आहे.

९ एप्रिल, बुधवार

ताईच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. पहिलं वाक्य "कशी आहेस" हे होतं. तेच जमलं नाही. सरळ म्हटलं, "ताई, दोरे तुटून राहिले."

मागे डब्यांचे आवाज. मग, "किती?"

"तासाला तीसेक."

"खड्ड्यात पानी मारलं?"

"पानी? तळघर कोरडं केलं न मी. पुरं. चुना ठेवला, पंखा लावला."

"काहून?"

मी बुरशीचं सांगितलं. घड्याळाचा आकडाही सांगितला. वाटलं फोन कटला. ती हसत होती. तीन वर्षांनी तिचं ते नाकातून हसणं.

"अवं प्राजू, सुताले ओल लागते. कोरडं सूत पापडावानी तुटते. रोज पाचले दोन बादल्या पानी खड्ड्यात, वरून ओलं तरट. उन्हाळ्यात तीन. तू सातले येऊन बसे तवा सारं झालेलं राहे."

मग नको ते बोलले: "बाबा म्हणाले, आपोआप थंड राहे."

"आपोआप?" हसणं थांबलं. "आपोआपच त. पाचले मी आपोआपच उठो."

कोणीतरी तिला हाक मारली. फोन ठेवताना म्हणाली, "गुरुवारी सुट्टी राहते मले."

येते म्हणाली नाही. फक्त सुट्टी असते म्हणाली.

एवढी वर्षं मी शेजारी बसले. बादल्या पाहिल्याच नाहीत. माझ्या पायांना गार लागायचं, आणि मला वाटायचं जमीनच गार आहे.

१० एप्रिल, गुरुवार

आली नाही. मी सकाळपासून चांगली ओढणी घालून होते. आईने पाहिलं.

चुन्याची घमेली वर नेऊन ठेवली. पंखा बंद. जमिनीवर पाणी टाकलं तर ते नुसतं पसरलं, मुरायला जागाच नाही. वायपरने गोळा केलं.

१७ एप्रिल, गुरुवार

ताई आली.

सगळं क्रमाने लिहायचं आहे, नाहीतर उद्या मला हवं तसं आठवेल.

अकरा वाजता आली. मेट्रोने, मग ऑटो. आईच्या गळ्यात पडली, बाबांच्या पाया पडली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "वाळली वं तू. तळघरासंगं सोताले बी सुकवलं का?" हातात कंपनीतला पाण्याचा थर्मास होता. खाली उतरताना पायऱ्या मोजत होती, ओठ हलत होते. तिलाही बाबांचे गुडघे.

जमिनीला हात लावला. "काचेवानी केलं तूनं. इथं पानी मुरन कसं?" मग स्वतःच म्हणाली, खड्ड्याच्या जागेत वीतभर रेती भर, रेतीला पाणी पाज, वर तरट. कोट फोडायची गरज नाही. दे. मि.ना तिनेच फोन लावला. फोनमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू आला: "पयले सुकवाले बोलावलं, आता भिजवाले! बिल तेच राहीन का डबल?"

मागाभोवती एक फेरी मारली. फणीवरून नख फिरवलं. माझ्या गाठी पाहिल्या. "गाठी बारीक येतात आता तुझ्या," म्हणाली. डाव्या जागेसमोर उभी राहिली. खडूचा अ पाहिला असणार. बसली नाही.

तेव्हा मी सांगितलं. पाठ केलेलं काही आठवलं नाही. म्हटलं, ताई, त्या फॉर्मवर दोन रकाने होते. खाली "सहकारी विणकर" असा होता. मी रिकामा सोडला. दोन नावं पाहून साडी मागे टाकतील अशी भीती वाटली. नंतर घरी सांगितलं की रकानाच नव्हता.

(चौदा फेब्रुवारीला इथे, माझ्याच वहीत, कोणी वाचणार नाही तिथेही मी "एकच रकाना" लिहिलं. दोनदा.)

ती डाव्या धोट्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत होतं."

"कसं?"

"लिफाफा कोनं चिकटवला? तू खळ लावून राहिली होती, तुझे हात भरले होते. मले म्हटलं, ताई, टाकून ये पोष्टात. मी वाचला पुरा."

"मग बोलली का नाही?"

"दुपारभर ठेवला मी लिफाफा. उघडाच. वाटलं मागशील. म्हणशील, थांब ताई, एक राहिलं लिव्हायचं." थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं. "पाचले पोष्ट बंद होते. साडेचारले चिकटवला."

मी रडायला लागले. मला रडायचं नव्हतं, कारण मग तिला समजवावं लागतं, आणि तेच झालं. तिने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जोरात. "फॉर्मचं नाही वं वाटलं एवढं. तू घरात सांगतलं रकाना नव्हता, आन मी तिथंच बसून सुताच्या कांड्या भरून राहिली होती, त्याचं वाटलं."

जेवून गेली. आईने वांग्याची भाजी केली होती. बाबा तिला एकदम म्हणाले, "पाचले उठत होती म्हणे तू?" ती म्हणाली, "हो. तुमी झोपून राहत होते." बाबांनी पोळीचा घास तसाच धरून ठेवला.

सुपरवायझरचं काय, हे कोणीच विचारलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

आईबाबांना खरं सांगितलं. चहाच्या वेळी. दोन रकाने होते. आईने कप ठेवला. बाबा म्हणाले, "साडीवाले विचारत, कोनं विणली. मी बी माझंच नाव सांगो." आणि उठून गॅलरीत गेले.

दुपारी सन्मान देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं, दोन्ही नावं घालून. काही होणार नाही बहुधा. रजिस्टर्ड टाकलं. पोस्ट पाचला बंद होतं, मी पावणेतीनला पोचले.

संध्याकाळी मागावर कापड झाकताना पाहिलं, डावा धोटा नाही. सगळीकडे शोधला. ओट्याखाली, कांड्यांच्या टोपलीत, रेतीसाठी आणलेल्या पोत्यांत. शेवटी आई म्हणाली, "ताईनं पर्समंदी टाकला काल. मी पाह्यला."

"काही म्हणाली?"

"नाही. मी बी नाही विचारलं."

नेला म्हणजे परत आणणार. किंवा नेला म्हणजे नेला. तिचाच आहे तो.

२२ एप्रिल, मंगळवार

रेती भरली. दे. मि.नी पैसे घेतले नाहीत, म्हणाले कमोडची कुंडी मस्त झाली, मोगरा लावला.

पहाटे पाचला उठले. पहिल्या बादलीला कंबर धरली. चौदा पायऱ्या, दोन बादल्या. त्या घरात पायऱ्या नव्हत्या पण विहीर होती, म्हणजे तिला ओढावंही लागायचं. सातला घड्याळ ६१. एकेकाळी हा आकडा पाहून माझी झोप उडाली असती.

पट्टीचं शेवटचं बोट विणलं. तासाभरात एक दोरा तुटला. एकच.

आता काठ सुरू होणार. इथून पुढे एकटीला जमत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

ताईची शिफ्ट बदलली, आली नाही. आईला फोन होता. तिला धोट्याबद्दल विचारू का, असं आई मला म्हणाली. नको म्हटलं. बाबा म्हणाले, सुताराकडून दुसरा करून घे, आठ दिवसांत होतो. खरंच होतो. मी हो म्हटलं आणि सुताराकडे गेले नाही.

मशीनवर एकटीने काठ काढणारे माग असतात, तेही बाबांनी सांगितलं. माझं भलं पाहतात. पण मी त्यांच्याशी फटकून बोलले, नंतर पायाला तेल लावून दिलं.

१ मे, गुरुवार

आजपर्यंत तिने साहेबांना उत्तर द्यायचं होतं. मी दिवसभर फोन समोर ठेवला. दुपारी आईनेच लावला. बोलणं झालं: आंबे महाग, भाऊजींचं दुखणं बरं, ऊन फार. आई ठेवता ठेवता म्हणाली, "साहेबाले काय सांगतलं मग?" ताई म्हणाली, "सांगतलं."

"काय?"

"सांगतलं वं. भेटू तवा बोलू."

आईला सूर कसा होता विचारलं. आई म्हणे सूर कसा राहते, ताईचा राहते तसा.

एक गोष्ट मात्र. तिने आईला विचारलं म्हणे, "प्राजू तरट कोन्तं वापरून राहिली, नवं का जुनं?" नव्याचा रंग सुताला लागतो. मी धावत खाली गेले. नवंच होतं. सोसायटीच्या वॉचमनकडून जुनी पोती मागून आणली, तीनदा धुतली.

४ मे, रविवार

माझ्या जागेवर बसून फक्त पावड्या दाबते, पायांची सवय जाऊ नये म्हणून. ताणा उघडतो, मिटतो. धोटा नाही टाकत. काकू आज जिन्यात भेटल्या, "आवाज बंद झाला वं तुमचा, आता दुपारची झोप येत नाही मले."

डावीकडे उशी ठेवली होती, काढली. तिला उशी आवडायची नाही. मग तिथे काहीच नाही हे बघवेना म्हणून परत ठेवली. मग काढली.

८ मे, गुरुवार

पाचला उठले. बाहेर आत्ताच गरम. तीन बादल्या. तरटं ओली करून पसरली, कोपरे दाबले. घड्याळ ६३.

आज तिची सुट्टी. येते असा निरोप नाही, येत नाही असाही नाही. मेट्रो सहाला सुरू होते. हिंगण्याहून इथवर यायला तिला मागच्या वेळी सव्वा तास लागला होता.

मधल्या आणि उजव्या धोट्यात कांड्या भरून ठेवल्या. डाव्या काठाच्या लाल सुताच्या तीन कांड्या वेगळ्या वाटीत, झाकून. ती आली तर भरण्यात वेळ जायला नको.

सात वाजले. बसले आहे. झरोक्यातून पाय जातात. शाळेचे, भाजीच्या गाडीचे, एक बाई निळ्या चपला घालून आली, थांबली, चप्पल झटकली, गेली.

साडेआठ. आई वरून, "चहा घेऊन जाय." थांब म्हटलं.

नऊला दहा कमी. माझी बाजू अजून ओली आहे, पाय गार लागतात. डाव्या बाजूचं तरट वाळत आलं, झरोक्याचं ऊन तिकडे पडतं.

पुन्हा पाणी मारते.